ॲरेने भागतंय तर मॅलॉक कशाला? पॉइंटर आणि डायनॅमिक मेमरी नक्की कधी लागते

प्रश्न असा आहे की, पुण्यात सेकंड इयर कॉम्प्युटरला असलेल्या एका मुलाला सी भाषेत पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) शिकवले, मॅलॉक (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागून घेणारं फंक्शन) शिकवलं, पण प्रॅक्टिकलचे सगळे प्रोग्रॅम साध्या ॲरेनेच, म्हणजे आधीच ठरवलेल्या आकाराच्या यादीने, होतात. त्याचा मिनी प्रोजेक्ट पीएमपीच्या बस रूटचा आहे, ५०० स्टॉपचा ॲरे, प्रत्येक स्टॉपच्या नावाला ३० कॅरॅक्टर, आणि सगळं नीट चालतंय. मग खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे लागतं कधी, आणि ओरलला एक्स्टर्नलने "डायनॅमिक का नाही केलं" विचारलं तर काय सांगायचं?

खूप चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर मला कॉलेजात कोणी दिलं नव्हतं, नोकरीत ठेच लागून कळलं. बावीस वर्षं झाली सी आणि सी प्लस प्लस लिहितोय, पहिली बरीच वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात मशिनींच्या कंट्रोलरवर काम केलं, आता हिंजवडीत सर्व्हरच्या बाजूला आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

आधी एक गोष्ट वेगळी काढ. पॉइंटर आणि डायनॅमिक मेमरी, म्हणजे मॅलॉकने मागून घेतलेली मेमरी, हे दोन वेगळे विषय आहेत. सिलॅबसमध्ये एकामागोमाग येतात म्हणून मुलांच्या डोक्यात ते एकच होऊन बसतात. मॅलॉक करायचं तर पॉइंटर लागतोच, पण पॉइंटर वापरायला मॅलॉक अजिबात लागत नाही. मी मशिनींच्या आत बसणाऱ्या अशा फर्मवेअरवर काम केलंय ज्यात हजारो ओळींमध्ये एकही मॅलॉक नव्हतं आणि पॉइंटर मात्र पानापानावर होते.

पॉइंटर तर तू पहिल्या दिवसापासून वापरतोयस. इनपुट घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधी जे अँडचं चिन्ह लावतोस ते काय आहे? सीमध्ये फंक्शनला जे काही देतो त्याची कॉपी जाते, त्यामुळे स्कॅनएफला तुझ्या व्हेरिएबलमध्ये किंमत भरायची असेल तर ते व्हेरिएबल कुठे राहतं हे सांगावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. तुझा ५०० स्टॉपचा ॲरे सर्चच्या फंक्शनला देतोस तेव्हा पण पहिल्या एलिमेंटचा पत्ताच जातो, ६४ बिट मशीनवर फक्त ८ बाईट. तोच ॲरे एका स्ट्रक्चरमध्ये गुंडाळून ते स्ट्रक्चर तसंच पास केलंस तर प्रत्येक कॉलला सगळ्या स्टॉपची कॉपी होईल, नाव, स्टॉप नंबर आणि मधली रिकामी जागा धरून प्रत्येकी ३६ प्रमाणे १८ हजार बाईट. एकदा केलं तर काही नाही, लूपमध्ये लाखवेळा केलं तर प्रोग्रॅम का रखडतोय ते शोधत बसशील.

क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनला स्टॉप एकदा नावाने आणि एकदा नंबरने लावायला सांगायचे असतील तर तुलना करणारं फंक्शन पॉइंटरनेच द्यावं लागतं. आणि हार्डवेअरवर तर पॉइंटरशिवाय दिवाही लागत नाही, मायक्रोकंट्रोलरमध्ये एका ठरलेल्या पत्त्यावर पोर्टचं रजिस्टर असतं, त्या पत्त्यावर व्होलाटाईल पॉइंटर ठेवायचा आणि त्यात बिट लिहायचा की पिनवर व्होल्टेज येतं. या कशातच डायनॅमिक मेमरी नाहीये.

आता डायनॅमिककडे येऊ. ती लागते का हे ठरवताना मी मनात तीनच गोष्टी विचारतो. किती लागणार हे लिहिताना माहितीये का, ही वस्तू किती काळ जगायला हवी, आणि ती स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंत त्याचे व्हेरिएबल राहतात त्या मर्यादित जागेत, मावेल का.

मावण्याचं सगळ्यात सोपं आहे. लिनक्सवर स्टॅक साधारण ८ एमबी असतो, विंडोजवर मेन थ्रेडला १ एमबी, बदलता येतो पण सुरुवातीला एवढाच. इमेज प्रोसेसिंगच्या असाइनमेंटला मुलं मेनच्या आत २००० बाय २००० चा इंटचा ॲरे घेतात, तो होतो १ कोटी ६० लाख बाईट, म्हणजे साधारण १६ एमबी, आणि प्रोग्रॅम त्या ॲरेला हात लावताच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरतो. एकही ओळ चुकलेली नसते म्हणून पोरं हैराण होतात. मग कोणीतरी सांगतं की ॲरे मेनच्या वर टाक, ग्लोबल कर, आणि चालतं. ते चूक नाहीये बरं का, एकच इमेज असेल तर खुशाल कर. पण उद्या दोन इमेज कंपेअर करायच्या, परवा फोल्डरमधल्या सगळ्या, मग ग्लोबल किती लिहिणार.

दुसरं, जगण्याचं. फंक्शनच्या आतला ॲरे फंक्शन संपलं की संपला. त्याचा पत्ता रिटर्न केलास तर कंपायलर वॉर्निंग देतो, ती वाचत जा. कधीकधी लगेच प्रिंट केलं की उत्तर बरोबर पण येतं, कारण त्या जागेवर अजून दुसऱ्या फंक्शनने लिहिलेलं नसतं, आणि मधे एक साधा प्रिंटएफ वाढवला की कचरा येतो. एखादी गोष्ट एका फंक्शनने जन्माला घालायची, भलत्याच दुसऱ्याने वापरायची आणि तिसऱ्याने कधीतरी संपवायची असं असेल तर तिला हीपवर, म्हणजे मॅलॉक जिथून मेमरी देतं तिथे, जागा हवी. सर्व्हरवर येणारं प्रत्येक कनेक्शन असंच असतं, एक दोन सेकंदात जातं, एक तासभर राहतं, कोणाचं आधी संपेल ते ठरलेलं नसतं.

आणि तिसरं, किती लागणार हे माहीत असण्याचं, जे तुझ्या प्रोजेक्टमध्ये आत्ता बसलंय आणि तुला दिसलं नाहीये. तू म्हणतोस ३० कॅरॅक्टरमध्ये नावं मावतात. स्टॉपची नावं इंग्रजी अक्षरांत टाकली असशील म्हणून मावतायत. उद्या मार्गदर्शक म्हणाले की बोर्डवर मराठी असतं, मराठीत दाखव, तर? यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाईटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेतं, आणि चिन्ह म्हणजे नुसती अक्षरं नाहीत, काना, वेलांटी, पाय मोडण्याचं हलंत हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. स्वारगेटजवळचं "लक्ष्मीनारायण थिएटर" घे. इंग्रजीत २० कॅरॅक्टर. मराठीत लक्ष्मीनारायणची १३ चिन्हं म्हणजे ३९ बाईट, थिएटरची ५ म्हणजे १५, मधली स्पेस १, नाव संपल्याची खूण म्हणून शेवटचा नल १, एकूण ५६ बाईट, आणि तुझी जागा आहे ३० ची.

आता स्ट्रकॉपीने, जे जागा किती आहे ते न बघता कॉपी करतं, ते भरलंस की काय होतं ते नीट बघ, कारण खरा धोका इथे आहे. तुझ्या स्ट्रक्चरमध्ये ३० बाईट नाव, मग इंट नीट बसावा म्हणून कंपायलरने सोडलेले २ बाईट, मग ४ बाईटचा स्टॉप नंबर. नावाचे उरलेले २६ बाईट आधी ते सोडलेले २ भरतात, मग स्टॉप नंबरवर ४ सांडतात, आणि राहिलेले २० पुढच्या स्टॉपच्या नावात घुसतात. नाव कॉपी झाल्यावर तू स्टॉप नंबर भरतोस, समजा ४१, तो नावाच्या मधोमध जाऊन बसतो. मग प्रिंट केलं की स्क्रीनवर "लक्ष्मीनार" एवढं येतं, पुढे अर्धवट कान्याचा एखादा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह, आणि त्यानंतर एक कंसाचं चिन्ह, कारण ४१ हा बंद कंसाचा आस्की कोड आहे, आणि त्याच्या पुढचा बाईट शून्य असल्यामुळे प्रिंट तिथे थांबतं. प्रोग्रॅम क्रॅश होत नाही! पुढचा स्टॉप भरला की सांडलेलं झाकलंही जातं. तू फॉन्टचा प्रॉब्लेम आहे म्हणून दोन दिवस फॉन्ट बदलत बसशील.

इथे दोन रस्ते आहेत. एक, ३० चे १५० कर आणि भरताना लांबी तपास, मावलं नाही तर सरळ एरर दे. दोन, नाव वाच, त्याची लांबी मोज, लांबी अधिक एक एवढी जागा मॅलॉकने घे आणि स्ट्रक्चरमध्ये फक्त पॉइंटर ठेव. ५०० स्टॉपला १५० प्रमाणे ७५ हजार बाईट लागतील, लॅपटॉपवर ते काहीच नाही, त्यामुळे खरं सांगू का, तुझ्या प्रोजेक्टला पहिला रस्ताही पूर्ण चालेल. लांबी तपासणं मात्र दोन्हीकडे सुटत नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाची चूक निघाली ती हीच होती, समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला, खरी किती आहे ते बघितलं नाही, आणि एका रिक्वेस्टला ६४ केबीपर्यंत सर्व्हरची मेमरी बाहेर जायला लागली.

फाईलमध्ये किती स्टॉप आहेत हेच माहीत नसेल तेव्हा मात्र रिअलॉकची, म्हणजे आधी घेतलेली जागा वाढवून मागायची, वेळ येते. दोन आकडे जवळ ठेवायचे, किती भरले आणि किती मावतात, आणि भरलं की मावण्याची जागा दुप्पट करायची. १६ पासून सुरू केलं तर १ लाख एंट्रीपर्यंत पोचायला फक्त १३ वेळा वाढवावं लागतं, आणि तेच दरवेळी १६-१६ ने वाढवलं तर सहा हजारांहून जास्त वेळा. यात दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी पडलोय. रिअलॉकचा रिझल्ट त्याच पॉइंटरमध्ये घ्यायचा नाही, कारण जागा मिळाली नाही तर ते नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देतं, जुना ब्लॉक तसाच जिवंत असतो आणि तुझ्याकडे त्याचा पत्ताच उरत नाही. आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घे, नल नाही हे बघ, मग बदल. आणि दुसरा खड्डा जास्त खोल आहे, रिअलॉक ब्लॉक उचलून दुसरीकडे नेऊ शकतं, त्यामुळे रूटच्या स्ट्रक्चरमध्ये तू स्टॉपचे पॉइंटर साठवले असशील तर ते सगळे जुन्या जागेकडे बोट दाखवत राहतात. म्हणून वाढणाऱ्या ॲरेच्या आत बोट दाखवायचं असेल तर पॉइंटर नको, इंडेक्स साठव. ही एक गोष्ट पाळलीस तर तुझे कितीतरी दिवस वाचतील.

मॅलॉक म्हणजे देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड. चपला खणात जातात, हातात बिल्ला येतो. बिल्ला हरवला की खण अडकून पडला, ना तुला मिळत ना दुसऱ्याला, त्याला लीक म्हणतात. चपला परत घेतल्यावर, म्हणजे फ्रीने मेमरी परत दिल्यावर, नंबर लक्षात आहे म्हणून पुन्हा त्याच खणात हात घातलास तर दुसऱ्याच्या चपला हाताला लागतात, तो यूज आफ्टर फ्री, आणि तो लीकपेक्षा कितीतरी वाईट. लीकने प्रोग्रॅम हळूहळू मरतो, याने चुकीचं उत्तर येतं आणि कोणाला कळत नाही.

लीक किती छळतो ते एकदा जवळून बघितलंय. भोसरीतल्या एका कारखान्यात आमच्या टीमने बनवलेले डेटा लॉगर बसवले होते, चार लाईनवर चार डबे, मशीनकडून मेसेज घ्यायचा, चेकसम (मेसेज वाटेत बिघडला का ते सांगणारा आकडा) तपासायचा, साठवायचा. तीन डबे कधी बंद पडले नाहीत. चौथा मात्र साधारण वीस दिवसांनी गप्प व्हायचा, बंद-चालू केला की पुन्हा वीस दिवस ठीक. आम्ही डबा बदलला, पॉवर सप्लाय बदलला, केबल बदलली, काही फरक नाही. शेवटी तिथल्या सुपरवायझर काकांनी जाता जाता सांगितलं की ही लाईन गुरुवारी पण चालू असते. तुला माहितीच असेल, आपल्याकडे इंडस्ट्रीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, तर बाकीच्या तीन लाईनचा मेन स्विच दर गुरुवारी खाली व्हायचा आणि रॅम धुऊन निघायची. म्हणजे बग चारही डब्यांत होता! मेसेजसाठी १२८ बाईटचा बफर मॅलॉक व्हायचा, आणि चेकसम चुकला तर फंक्शन मधूनच रिटर्न करायचं, फ्री खाली शेवटी होतं, तिथपर्यंत जायचंच नाही. शेजारच्या वेल्डिंगच्या नॉईजमुळे दिवसाला साधारण पंधरा मेसेज खराब यायचे, ॲलोकेटरच्या हेडरसकट १३६ बाईट प्रत्येकी, आणि मोकळा हीप होता ४० केबी. भागाकार कर, तीनशे मेसेज, वीस दिवस. कागदावर तो हिशोब जुळला तेव्हा जो आनंद झाला तो अजून आठवतो, आणि त्याच संध्याकाळी मी ते मॅलॉक काढूनच टाकलं, कारण मेसेज १२८ बाईटपेक्षा मोठा येऊच शकत नव्हता आणि एका वेळी एकच यायचा. तिथे डायनॅमिक मेमरीची गरजच नव्हती, कोणीतरी सवयीने लिहिलं होतं.

म्हणून मी नेहमी म्हणतो, मॅलॉकची ओळ लिहायच्या आधी ठरव की फ्री कोण करणार, आणि ते फंक्शनच्या वर कॉमेंटमध्ये लिहून ठेव. घेणारा परत देणार की ज्याला दिलं तो देणार. हे ठरवता येत नसेल तर डिझाईन अजून झालेलं नाही, कोड लिहू नकोस.

छोट्या कंट्रोलरवर आणि जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो तिथे तर नियमच कडक आहेत. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरतात त्या मिस्रा सी या नियमावलीच्या २०१२ च्या आवृत्तीत डायनॅमिक मेमरी वापरू नये असंच लिहिलंय, आणि नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये जे दहा नियम मांडले त्यात प्रोग्रॅमची सुरुवातीची तयारी झाल्यावर पुढे मेमरी मागायची नाही हा एक नियम आहे. कारण फक्त लीक नाही, फ्रॅगमेंटेशन. स्वारगेटहून सुटणाऱ्या एसटीत चार सीट रिकाम्या आहेत पण चार कोपऱ्यांत, आणि चौघांच्या कुटुंबाला एकत्र बसायचंय. हीपमध्ये १० केबी मोकळे असतात, तुला सलग १ केबी हवा असतो, आणि मिळत नाही. माणसं सरकून घेतात, सीमधले ब्लॉक सरकवता येत नाहीत कारण त्यांचे पत्ते सगळीकडे वाटलेले असतात. अर्डुइनो युनो आर-थ्री या छोट्या बोर्डवर अख्खी रॅम २ केबी आहे, तिथे हे फार लवकर होतं. अशा ठिकाणी सुरुवातीलाच सारख्या आकाराच्या ब्लॉकचा पूल करून ठेवतात आणि त्यातूनच देवाणघेवाण करतात. फ्रीआरटीओएस या छोट्या कंट्रोलरवरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तर हीप-वन नावाचा प्रकारच असा आहे की जागा मागता येते, परत देताच येत नाही, सुरुवातीला घ्या आणि शेवटपर्यंत ठेवा.

लिंक्ड लिस्टबद्दल एक मत सांगतो. आपल्याकडे मॅलॉक शिकवतात ते लिंक्ड लिस्टने, म्हणजे प्रत्येक नोडमध्ये पुढच्याचा पत्ता ठेवणाऱ्या यादीने, आणि मुलांना वाटतं डायनॅमिक म्हणजे लिंक्ड लिस्ट. एक इंट आणि एक पॉइंटर असा नोड ६४ बिटवर पॅडिंगसकट १६ बाईट होतो, लिनक्सच्या नेहमीच्या मॅलॉकमध्ये तो प्रत्यक्षात ३२ बाईट खातो, म्हणजे ४ बाईटच्या डेटासाठी आठपट जागा. वर नोड मेमरीत कुठेही विखुरलेले, आणि प्रोसेसर बहुतेक वेळा एका दमात ६४ बाईटची लाईन आणतो, ॲरेमध्ये त्यात १६ इंट येतात आणि इथे बहुधा कामाचा एकच. त्यामुळे साध्या यादीला मी वाढणारा ॲरेच घेतो. लिस्ट तिथे शोभते जिथे एकच वस्तू एकाच वेळी दोन-तीन याद्यांत असते आणि मधूनच काढायची असते, लिनक्स कर्नलमध्ये लिस्टचे दुवे स्ट्रक्चरच्या आतच ठेवतात ते बघण्यासारखं आहे. झाड किंवा ग्राफ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आकारच आधी माहीत नसतो.

जावा-पायथनमध्ये हे सगळं सुटतं असं नाही. पायथनमध्ये एक लिस्ट दुसऱ्या नावाला दिली आणि एकीत बदल केला की दुसरीतही दिसतो, तो पॉइंटरच आहे, फक्त झाकलेला. फ्री करायचं काम गार्बेज कलेक्टर वगैरे मंडळी करतात, तरी एखाद्या ग्लोबल डिक्शनरीत तू टाकतच राहिलास तर ते कोणी साफ करत नाही. सी प्लस प्लसला जाशील तेव्हा व्हेक्टर, स्ट्रिंग आणि २०११ पासून आलेला युनिक पॉइंटर वापर, हाताने न्यू-डिलीट लिहायची वेळ फार क्वचित येते.

एक टूल आजच लाव. जीसीसी किंवा क्लँग कंपायलरमध्ये मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर चालू करायचा एक फ्लॅग असतो, किंवा मग व्हॅलग्राइंड या तशाच टूलमधून प्रोग्रॅम चालव. सॅनिटायझर हीपवर घेतलेल्या जागेच्या बाहेर लिहिलं की जागेवर थांबवतो आणि ओळ नंबर दाखवतो. आमच्या वेळी लॅबमध्ये टर्बो सी होतं, डॉसमध्ये मेमरीला संरक्षणच नव्हतं, चुकीचा पॉइंटर कुठेही लिहून यायचा आणि प्रोग्रॅम संपताना फार तर "नल पॉइंटर असाइनमेंट" अशी एक ओळ यायची, बास. तुमच्या हातात आज कितीतरी चांगलं आहे, पण चालू केलं तर. फक्त एक लक्षात ठेव, एकाच स्ट्रक्चरच्या आतल्या आत एका फील्डवरून दुसऱ्यावर सांडलं तर सॅनिटायझर ते प्रत्येक वेळी पकडेलच असं नाही, म्हणून लांबी तपासायचं काम तुझंच.

आता तुझा प्रोजेक्ट. स्टॉपचा ॲरे ५०० चाच राहू दे, भरताना ५०० च्या पुढे जात नाही हे तपास आणि गेलं तर मेसेज दे. नावासाठी मात्र मॅलॉक वापर, कारण तिथे लांबी खरंच माहीत नाही. रूटमध्ये किती स्टॉप ते प्रत्येक रूटला वेगळं, एक आठ स्टॉपचा, एक साठ स्टॉपचा, तिथे प्रत्येक रूटला हवा तेवढाच इंडेक्सचा ॲरे घे. शेवटी सगळं फ्री करणारं एक फंक्शन लिही, प्रोग्रॅम संपताना ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी परत घेतेच, तरी लिही, म्हणजे व्हॅलग्राइंडचा रिपोर्ट स्वच्छ येतो आणि खरा लीक असेल तर तो उठून दिसतो. एक्स्टर्नलने विचारलं तर त्यांना सांग की इथे फिक्स ठेवलं कारण मर्यादा माहीत आहे आणि तपासली आहे, इथे डायनॅमिक केलं कारण लांबी फाईल वाचल्यावरच कळते, आणि ही मेमरी हे फंक्शन परत देतं.

पण हे बदलायच्या आधी आत्ताच्या कोडमध्ये ४१ नंबरला लक्ष्मीनारायण थिएटर मराठीत टाकून एकदा रन कर, आणि स्क्रीनवर काय आलं ते मला कळव.